अंजनीला मारलेली गाठ

हिर्डोशीच्या खोऱ्यात आग्या मोहळ काढणारी घरं तीन होती, आणि ते कसं काढावं हे सांगणारी बाकीची सगळी. भोर संस्थानाचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट, छत्तीस सालच्या चैत्रातली. तिन्ही घरांना एकेक कडा नेमून दिलेला होता. कड्यावरचं पहिलं पोळं चैत्राच्या जत्रेत जननीदेवीपुढे ठेवायचं, आणि ज्या घराला ते जमलं नाही त्या घराचा कडा पुढच्या साली दुसऱ्याकडे जायचा. गेनूच्या घराकडे धारेचा कडा आजोबापासून चालत आलेला होता. त्यातलं मेण भोरचा व्यापारी मौलाली विकत घ्यायचा. मध घरी राहायचा, आणि मानही घरी राहायचा.

या कामाला दोनच नेम होते, पण ते पाळले नाहीत तर गावानं वाळीत टाकावं असे. पहिला नेम, दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. सख्ख्या भावाच्या मनात वाटणीचा किडा वळवळू शकतो, पण बहिणीचं कुंकू पुसायला भाऊ धजणार नाही, एवढा हिशेब जुन्या माणसांनी करून ठेवला होता. दुसरा नेम, दोर झाडाला किंवा दगडाला बांधायचा नाही, माणसाच्याच अंगावर ठेवायचा. खाली लटकलेला माणूस बोलू शकत नाही, तो दोराला हिसके देतो. एक हिसका म्हणजे खाली सोड, दोन म्हणजे वर ओढ. झाडाला हिसका कळत नाही, असं गेनूचा बाप म्हणायचा.

गेनूला मेहुणा एकच, चिमाजी. बारा वर्षं त्यानं गेनूचा दोर धरला होता. या बारा वर्षांत गेनूनं लटकल्या लटकल्या एकदाही वर मान करून पाहिलं नव्हतं. यंदा मात्र त्याचा भरवसा डळमळला होता, आणि त्याचं कारण कड्यात नव्हतं, चिमाजीत होतं.

चिमाजीची बायको चंद्राबाई दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. ती आजारी होती तेव्हा या माणसानं एक देव सोडला नाही. देवऋषी झाले, अंगारे झाले, नवस झाले, वेल्ह्याकडच्या एका भगताच्या पायावर तो रात्रंदिवस पडून राहिला. ती गेल्यावर महिनाभर त्यानं भिंतीला डोकं लावून काढला. मग एक दिवस उठला, अंघोळ केली आणि निराळाच माणूस झाला. म्हणजे काय झाला, हे कुणालाच नीट सांगता येईना. देवळात गोसावी उतरला की चिमाजी त्याच्यापाशी जाऊन बसे आणि विचारी, बाबा, तुम्हाला हे सगळं कसं दिसतं? भोरला मेण पोचवायला गेला की मौलालीच्या चुलत्याला तेच विचारी, तो दर्ग्याशी बसणारा म्हातारा होता. दोघांचं मन लावून ऐकायचा, दोघांना बरं म्हणायचा, आणि दोघांपैकी कुणाचाच होत नव्हता. गळ्यात माळ नाही, कपाळाला भस्म नाही. वैराग्य आलं म्हणावं, तर मटणाच्या पंगतीला हा पहिला. गावाला असल्या माणसाचा फार राग येतो. बुवा झालास तर पाया पडू, नाही झालास तर आमच्यासारखा रड, ओरड, भांड. मध्येच काय हे?

गेनूनंही ते हसण्यावारी नेलं असतं, पण मार्गशीर्षात हरण्या पडला.

हरण्या हा चिमाजीचा उजव्या अंगाचा बैल. चरता चरता उतारावरून घसरला आणि खालच्या ओढ्यात मोडून पडला. गाव धावलं. चिमाजी ओढ्यात उतरला, बैलाच्या मानेवर हात ठेवून बसला आणि ऊन डोक्यावर येऊन कलेपर्यंत तसाच बसून राहिला. बैलानं मान टाकली तेव्हा तो उठला, हात धुतले, धोतर झटकलं आणि म्हणाला, "गेला. लई चांगला बैल व्हता." मग घरी येऊन त्यानं पितळीतली भाकरी खाल्ली. पुरी खाल्ली, कोरड्यास पुसून खाल्ली. गेनू समोरच बसला होता. डोळ्यांत पाणी गेनूच्या होतं आणि चिमाजी ठेच्याला मीठ कमी पडलंय का ते बघत होता.

त्या घासाबरोबर गेनूच्या मनात जे शिरलं ते निघेना. ज्याला बैलाचं काही वाटलं नाही, त्याला माणसाचं काय वाटेल? उद्या दोर सुटला तर हा कड्यावरून वाकून बघेल, धोतर झटकेल आणि म्हणेल, गेला, लई चांगला दाजी व्हता. आणि भाकरी खाईल.

बायकोजवळ, रतनबाईजवळ हे बोलायची सोय नव्हती. तिचा एकुलता एक भाऊ. एकदा गेनूनं आडवळणानं विषय काढला, की तुझ्या दादाचं हल्ली कशात मन दिसत नाही. ती चुलीवरून मान वर न करता म्हणाली की आता कुठं त्याचं मन जागेवर आलंय, दोन वर्षांनी त्याला गाढ झोप लागते, तुम्ही उगाच काही शोधू नका.  मन हलकं झालं असेल तर चांगलंच आहे, पण दोर धरणाऱ्याचा हात हलका होऊन कसा चालेल, हे गेनूच्या ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. चिमाजीला नको म्हणावं, तर दुसरा मेहुणा नाही. मेहुणा नाही तर कडा नाही. आणि जत्रा चार दिवसांवर आलेली.

म्हणून गेनूनं ते केलं. त्याच्या घरात तीन पिढ्यांत कुणी केलं नव्हतं, ते केलं.

तांबडं फुटायच्या सुमाराला दोघं धारेच्या माथ्यावर पोचले. गारव्यानं माश्या जड असतात, तेवढ्या वेळात काम उरकायचं असतं. दोर मांडायचा तो उतरणाऱ्यानं, अशी रीत होती. गेनूनं अंबाडीचा दोर वाव वाव मोजत खाली अंथरला. दोन्ही हात पसरले की एक वाव. मोहळ बारा वावांवर होतं. चिमाजीनं आपली घोंगडी घडी करून कमरेमागे बांधली, पाय खडकाला टेकवले आणि कड्याकडे तोंड करून बसला. त्याच्या पाठीमागे हातभरावर अंजनीचं जुनं झाड होतं, खोड मांडीएवढं, पालवी जमिनीपर्यंत आलेली. चुडीसाठी ओला पाला आणतो असं सांगून गेनू झाडाआड गेला. चौदा वाव मोजून त्यानं दोराला अंजनीच्या खोडाचा वेढा दिला, गाठ मारली, तिच्यावर दुसरी मारली आणि पालवी पुन्हा होती तशी सोडली. शिल्लक दोराचं वेटोळं झाडामागेच राहिलं. मनाला बरं वाटलं. आता चिमाजीनं दोर सोडला तरी दोन वावांचा धक्का बसेल, हाडं खिळखिळी होतील, जीव वाचेल.

परत आला तेव्हा चिमाजी दोर पाठीवरून घेऊन दोन्ही मुठींत धरून बसला होता. त्याचा चेहरा नेहमीसारखा शांत होता, आणि नेमकं तेच गेनूला बघवेना. तो म्हणाला, "पाव्हणं, ध्यान हितं ठेवा. दुसरीकडं जाऊ देऊ नका."

चिमाजी म्हणाला, "दुसरीकडं हायेच काय, दाजी? उतरा."

गेनू उतरला. अंगावर घोंगडीची खोळ, कमरेला रॉकेलचा रिकामा डबा, एका हातात धुमसती चूड, पाठीला विळा बांधलेली काठी. दोर नेहमीसारखाच सुटत होता, मूठ मूठ, न अडखळता. दहा वावांवर त्याला मोहळ दिसलं. खडकाच्या पोटाला सुपाएवढं काळं पोळं, आणि त्याच्यावर माश्यांची थरथर. आणखी दोन वाव उतरून त्यानं धूर दिला. माश्या सरकल्या, खालच्या अंगाला लोंबल्या. काठी पुढे करून त्यानं कडेचा तुकडा कापला, तो डब्यात पडला. दुसरा कापला. जननीच्या वाटणीचं झालं. मग बारा वर्षांत पहिल्यांदा त्यानं वर मान केली, दोर कसा आहे ते बघायला.

तेवढ्यात वरून घार आली. मोहळावर झडप घालून पोळ्याचा लचका तोडणारी ती घार असते, गेनूनं तिच्याबद्दल बापाकडून नुसतं ऐकलं होतं. सावली अंगावरून गेली, पोळं फाटल्याचा आवाज झाला, आणि पुढच्या क्षणी सबंध मोहळ उठलं.

आग्या माश्या उठल्या की वर यायचं नसतं. वर येईतो त्या माणूस मारतात. खाली जायचं. मोहळाखाली सहा वावांवर एक कपार आहे, माणूस अंग चोरून बसेल एवढी. तिच्यात शिरायचं, घोंगडी तोंडाशी धरायची आणि माश्या निवेपर्यंत हलायचं नाही. हे हिर्डोशीत पोराला चालायला यायच्या आधी सांगतात. गेनूलाही सांगितलं होतं. त्यानं दोराला एक हिसका दिला.

दोर सुटला, भराभर सुटला, एक वाव, दोन वाव, आणि खटकन थांबला.

गेनूनं पुन्हा हिसका दिला. दोर जागचा हलला नाही. पायाखाली कपार दिसत होती. चार वाव, घराच्या उंचीएवढं अंतर, पण उडी टाकावी तर खालचे दगड पार ओढ्यापर्यंत उघडे होते. माश्या खोळीत शिरल्या. मानेवर, कानामागे, पापणीवर निखारे ठेवल्यासारखं झालं. चूड हातातून गळून पडली. त्यानं तिसऱ्यांदा हिसका दिला.

आणि दोर वर गेला. हातभर वर.

गेनूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका हिसक्याला हा वर ओढतोय. ह्याला एक आणि दोन कळेनासं झालं. ह्याचं चित्त लागलंय कुठल्या तरी बाबाकडे, आणि मी इथं भाजून निघतोय. खोळीत तोंड घालून त्यानं चिमाजीला, त्याच्या गोसाव्याला आणि त्या दर्ग्यावरच्या म्हाताऱ्याला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. रतनबाईचं काय होईल, हा विचार आला. आणि त्या विचाराच्या पाठोपाठ, कुणी थोबाडीत मारावी तसं त्याला आठवलं की दोर चौदा वावांवर बांधलेला आहे. गाठ त्यानंच मारली आहे. एकावर एक, दोन.

त्यानं मोजलं होतं ते फक्त पडण्याचं. चिमाजी सोडेल, हे एकच भय त्यानं चार महिने पोटाशी धरलं, आणि चिमाजीनं सोडायची वेळ आली तेव्हा सोडता येणार नाही अशी तजवीज स्वतःच्या हातानं करून ठेवली. तो रडला. लाज वाटण्याइतकंही भान नव्हतं, घोंगडीत तोंड घालून हुंदके देऊन रडला.

वर काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. दोर मात्र कळत होता. दोर ताठ होता, थरथरत होता, पण मागेपुढे होत नव्हता. वर गेला तेवढा हातभर गेला आणि तिथंच राहिला. गेनूच्या लक्षात आलं की आता दोर झाडानं धरलेला नाही. गाठीवरचा ताण काढायचा असेल तर सगळं ओझं आधी अंगावर घ्यावं लागतं. चिमाजीनं हातभर मागे सरकून ते घेतलं होतं, आणि तेवढाच गेनू मोहळाच्या दिशेनं वर गेला होता. म्हणजे एका हातात माणूस, आणि दुसऱ्या हातानं पाठीमागची गाठ. दोन गाठी. आणि माश्या माथ्यावर पोचल्या नसतील, हे शक्यच नव्हतं. गेनूला खोळ होती. चिमाजीची घोंगडी त्याच्या कमरेला होती, डोकं उघडं.

आता हात सुटेल, असं गेनूला दर श्वासाला वाटलं. सुटला तर त्यात चिमाजीचा दोष नाही, असंही एकदा वाटलं. असं वाटायची ती पहिलीच वेळ.

मग दोर खाली आला. धक्का देत नव्हे, घसरत नव्हे. मूठ मूठ आला, बारा वर्षं येत होता तसा. गेनूचे पाय कपारीला लागले, त्यानं अंग आत ओढलं, घोंगडी तोंडाशी लावली आणि गुडघ्यांत डोकं घालून बसला.

ऊन कड्याच्या निम्म्यावर आलं तेव्हा माश्या निवल्या. त्यानं दोन हिसके दिले. लगेच दोर ताणला गेला. अर्धा पायांनी चढत, अर्धा ओढला जात तो माथ्यावर आला, कमरेच्या डब्यात जननीचं पोळं शाबूत, आणि गवतावर पालथा पडला.

चिमाजी त्याच जागी होता, पाय खडकाला टेकलेले, दोर पाठीवर. तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं होतं, एक डोळा पुरा मिटला होता. तळहातांची साल निघाली होती. हनुवटीवर रक्त वाळलेलं, आणि ओठाच्या कोपऱ्यात अंबाडीचा तंतू चिकटलेला. गेनू तिकडे बघतच राहिला. मग त्यानं अंजनीकडे पाहिलं. खोड मोकळं होतं. दुसरी गाठ एका हाताला दाद देत नव्हती, ती दातांनी सोडवलेली होती. पुढचा एक दात त्यातच गेला होता.

  चिमाजीनं विचारलं, "चालवंल का?" गेनूनं मान हलवली. चिमाजीनं दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलं आणि दोघं एकमेकांना धरून उतरायला लागले.

घरी रतनबाईनं दोघांना पाहिलं आणि हातातली घागर खाली ठेवली. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती. तिनं दोघांचे काटे काढले, चुना लावला, भावाच्या तळहातांना हळद-तेल लावून चिंध्या बांधल्या. घार आली, मोहळ उठलं, हे तिला सांगून झालं. तिनं विचारलं, दात कसा पडला.  खोटं चिमाजी सांगणार नव्हता आणि खरं सांगायचा हक्क आपला नाही, असं काहीसं त्याच्या तोंडावर होतं. तो उघड्या डोळ्यानं बाहेरच्या शेवग्याकडे बघत बसला.

गेनूला सुटका होती. पडला म्हणून सांगता आलं असतं. तो म्हणाला, "म्या दोर झाडाला बांदला व्हता."

रतनबाईचा हात चिंधीवर थांबला. दोर बांधणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला समजावून द्यायला नको होतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, ते बघणं गेनूला चार माश्यांपेक्षा जास्त लागलं. ती उठली आणि चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली.

मग गेनूनं सगळंच ओकून टाकलं. हरण्या गेला त्या दिवशी भाकरी खाताना पाहिल्यापासून आपल्याला झोप नाही. ज्यानं सगळंच सोडलंय तो आपला दोर कशाला धरील, असं वाटत होतं. पाव्हणं, मला माफ करा, असं म्हणून त्यानं चिमाजीच्या पायाला हात लावला. वयानं चिमाजी मोठा होता, पण बहिणीच्या नवऱ्यानं पाया पडणं हे रीतीला सोडून होतं. चिमाजीनं पाय मागे घेतला.  सुजलेल्या ओठांमुळे त्याला बोलायला त्रास होत होता.

"हरण्या गेल्यावर म्या सोडला, दाजी," तो म्हणाला. "जित्ता व्हता तवर हात काडला न्हवता."

गेनूला ओढा दिसला. सकाळपासून कलत्या उन्हापर्यंत बैलाच्या मानेवर असलेला तो हात दिसला. तो त्यानं त्या दिवशीही पाहिला होता. बाकीचा गाव घरी जाऊन जेवून पुन्हा बघायला आला तरी हात तिथंच होता. पण गेनूनं मनात ठेवली ती फक्त भाकरी.

चुलीपाशी रतनबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग तिनं परातीतली भाकरी मोडून दुधात कुस्करली, कारण भावाला दातानं तोडता येणार नव्हती, आणि वाटी घेऊन ती उठली. चिमाजीचे दोन्ही हात चिंध्यांत होते. गेनूनं पुढे होऊन वाटी तिच्या हातातून घेतली. तिनं क्षणभर धरून ठेवली, मग दिली.

गेनूनं पहिला घास चिमाजीच्या तोंडाशी नेला. चिमाजीनं तो सावकाश खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाला.